पंपघरासमोर, हिरवं फाटक

३ जून

धाकटे,

आशीर्वाद. हे पत्र बसून वाच, उभ्याने वाचण्यासारखं नाही. आणि वाचून झालं की लगेच फोन करू नकोस. माझ्या मोबाइलला आवाज नीट येतो तो फक्त जिन्याखाली, आणि तिथे मी नुसतं 'हं' म्हटलं तरी वरचं एखादं दार किलकिलं होतं. म्हणून कागद काढला.

वरच्या खोलीतल्या नर्सिंगच्या दोघी गेल्या महिन्यात सोडून गेल्या. का म्हणून विचारलं, तर एकमेकींकडे बघत म्हणतात, "काकू, हॉस्पिटल लांब पडतं." दीड वर्ष लांब पडलं नाही, आताच कुठून पडायला लागलं? हॉस्पिटल काय चालत पुढे गेलं? त्यानंतर खोली बघायला पाच मुली आल्या. पाचही जणींची एकच तऱ्हा. फाटकाशी येतात, फोन बघतात, माझ्याकडे बघतात, पुन्हा फोन बघतात आणि "सांगते हं काकू" म्हणून चालू पडतात. एकीची आई बरोबर होती. तिने तर मला असं न्याहाळलं, जसं काही मी तिच्या पर्समध्ये हात घालताना सापडले.

शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या लेकीने मला सांगितलं. तिने फोनवर नकाशा उघडला, आपल्या घरावर बोट ठेवलं, आणि खाली अक्षरं आली. मी चष्मा लावून स्वतः वाचली. 'घरमालकीण भाडेकरूंची पत्रं आणि पार्सलं उघडून बघते. महत्त्वाचं काही या पत्त्यावर मागवू नका.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली गं. हे गेल्यापासून नऊ वर्षं मी या घरात मुली ठेवते. कोणाचं वाकडं नाही, कोणाचं तिकडं नाही. तीन खोल्यांतल्या दोन आता रिकाम्या आहेत आणि खालच्या मागच्या खोलीत एकटी शिवणवाली उरली आहे. मुलगा तर वाटच बघतोय. "आई, बंद कर ते आणि इकडे ये" म्हणतो. इकडे म्हणजे त्याच्या हॉलमधला सोफा. सून उठायच्या आत उठायचं, चादरीची घडी घालायची आणि दिवसभर कोणाच्या पायात येणार नाही असं बसायचं. मला नाही जायचं तिथे. मला माझ्या घरात, माझ्या किल्ल्या कमरेला लावून मरायचंय.

तू त्याच नकाशाच्या कचेरीत आहेस ना? मग मला एवढं शोधून दे, की हे लिहिलं कोणी. बाकीचं मी बघते. माझा संशय दोघांवर आहे. पण नावं आत्ता लिहीत नाही, पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. भाऊजींना यातलं काही बोलू नकोस.

तुझी थोरली

---

११ जून

जाऊबाई,

नमस्कार. पत्र मिळालं, बसूनच वाचलं.

आधी आमचं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे गैरसमज नको. लोक आपापल्या भागाची माहिती स्वतःच लिहितात. कुठला दवाखाना किती वाजता उघडतो, कुठल्या गल्लीत दिवे नसतात, राहायची सोय कुठे चांगली आणि कुठे नाही. हौसेने लिहितात, फुकट लिहितात, पण पत्ता म्हणून धड देत नाहीत. 'मोठ्या झाडाजवळ', 'जुन्या गिरणीच्या मागे', असं काहीतरी. आमचं काम म्हणजे ते वाचायचं, नकाशावर ती जागा नेमकी कुठली ते ओळखायचं आणि मजकूर तिथे जोडून टाकायचा. एकदा जोडला, की त्या घरावर बोट ठेवणाऱ्या कोणालाही तो दिसतो. माझ्या एकटीच्या हाताखालून दिवसाला शंभर-दीडशे मजकूर जातात. त्यामुळे कुठला कधी गेला हे ध्यानात राहत नाही.

लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला दिसत नाही. दिसलं तरी सांगता येत नाही, नियमच तसा आहे. मजकूर खोटा आहे असं घरमालकाने दाखवून दिलं तर तो काढता येतो. पण तसं दाखवावं लागतं.

म्हणून एक विचारते, रागावू नका. दाराशी आलेली पार्सलं, पत्रं कोण घेतं? ती भाडेकरूंना मिळेपर्यंत कुठे असतात? कारण असं कोणी उगाच लिहीत नाही, जाऊबाई. काहीतरी बघितलेलं असतं.

मी माझ्या परीने बघते आहे. तुमची तब्येत सांभाळा. हे बरे आहेत, नमस्कार सांगतात.

तुमची धाकटी

---

१९ जून

धाकटे,

वा! मी तुला चोर शोधायला सांगितला आणि तू माझीच झडती घेतलीस.

पार्सलं मी घेते. मग कोण घेणार, पंपघरातला पंप? घेते आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवते, ज्याचं त्याने उचलावं. घेणं वेगळं आणि उघडणं वेगळं. दुसऱ्याचं पाकीट उघडायची मला काय गरज? 'काहीतरी बघितलेलं असतं' म्हणे. काय बघितलेलं असतं? कोणी बघितलं? तू असं लिहिलंस म्हणजे तुला काही ठाऊक आहे की काय? असेल तर स्पष्ट लिही, असं सुईच्या टोकाने टोचू नकोस.

आता नावं सांगते. पहिला संशय औषधवाल्यावर होता. त्याला वरच्या खोल्या गोदामासाठी हव्या होत्या, मी दिल्या नाहीत. पण त्याचीच लेक मला दाखवायला कशाला येईल? तेव्हा तो सुटला.

उरली शिवणवाली. अकरा वर्षं झाली तिला इथे, हे असतानाच आली ती. भाडं वेळेवर, बोलणं कमी. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे हसली तरी कळत नाही. पूर्वी मला वाटायचं, किती गुणी बाई. आता वाटतं, एवढं गप्प कोण राहतं? मनात काहीतरी असल्याशिवाय? शिवाय गेल्या वर्षी तिने नवा फोन घेतला. मशीनवर बसली की तो समोर टेकवून ठेवते आणि मी गेले की उलटा करते. दोन खोल्या रिकाम्या झाल्या, की मधली मोठी खोली स्वस्तात मागायची, असा डाव असणार. सुतावरून स्वर्ग गाठते म्हणशील. पण सूत तर आहे ना हातात!

मी एक सापळा लावलाय. काल तिला एकटीला सांगितलं, की आता वरच्या मजल्यावर पाणी फक्त सकाळी तासभर येणार, पंपघरातून तसा निरोप आलाय. निरोपबिरोप काही नाही, मीच रचलं. दुसऱ्या कोणाला म्हणून बोलले नाही. आता बघू.

थोरली

ता.क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं, ते बरंच झालं. आज २३ तारीख. औषधवाल्याच्या लेकीकडून पुन्हा नकाशा बघितला. पार्सलांच्या ओळीखाली नवी ओळ आली आहे. 'पाणी फक्त सकाळी, तेही तासभर.' आता काय म्हणणं आहे तुझं? मला तो मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत, अक्षर न् अक्षर उतरवून पाठव. तिच्या तोंडावर धरायचाय.

---

२९ जून

जाऊबाई,

घाईने लिहिते आहे. शिवणवालीला काही बोलू नका. पाण्याची ओळ आली म्हणजे ती तिचीच, असं नाही. पाण्याची बोंब सगळीकडे असते, कोणीही लिहील. अकरा वर्षांचं माणूस एका ओळीवरून घालवू नका. मी हात जोडून सांगते.

मला ठाऊक आहे की नाही, असं तुम्ही विचारलंत. मी तुमच्या घरात चार वर्षं काढली आहेत. आणखी काय सांगू? जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत असं ठरवलं होतं, तेच बरं.

मजकूर खाली उतरवून देते. नकाशावर याचा पहिला भाग दिसत नाही. जागेची खूण आमच्यापुरती असते, जोडणी झाली की ती लपते.

'पंपघरासमोर, हिरवं फाटक. वर मुलींची राहायची सोय. खोल्या हवेशीर. घरमालकीण भाडेकरूंची पत्रं आणि पार्सलं उघडून बघते. महत्त्वाचं काही या पत्त्यावर मागवू नका. पाणी फक्त सकाळी, तेही तासभर.'

एवढंच आहे. पुन्हा सांगते, घाई करू नका.

धाकटी

---

५ जुलै

धाकटे,

तुझं पत्र दोन दिवस उशिरा आलं. शिवणवाली गेली.

मी तिला सरळच म्हटलं, माझ्या घरात राहून माझ्याच घरावर थुंकतेस, तर दुसरीकडे सोय बघ. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या. मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काकू, अकरा वर्षांत माझी रिळांची किती पार्सलं आली असतील? एकाचीही दोरी सुटलेली नव्हती. मला कोणी विचारलं असतं तर मीच हे लिहून दिलं असतं." मी म्हटलं, "मग पाण्याचं कोणाला कळलं?" तर म्हणाली, "कोणतं पाणी? मी वर जाते कधी?"

दुसऱ्या दिवशी दोन हमाल आले, हातगाडीवर मशीन चढवलं. फाटकातून जाताना तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तिचा तो फोन उलटा करायचं कारण मला तिच्या ओळखीच्या एका हमालाकडून कळलं. ती त्यावर लिहायला वाचायला शिकत होती, पहिली-दुसरीच्या मुलांसारखं. लाज वाटायची म्हणून झाकायची. आता तीन खोल्या रिकाम्या आहेत आणि मशीनचा आवाज नाही. मुलाचा फोन आला होता. तो म्हणाला, सामान कधी आवरायचं ते कळव.

संध्याकाळी तुझं पत्र मिळालं. मजकूर वाचला. आणि पुन्हा वाचला.

धाकटे, माझं फाटक हिरवं नाही.

हे गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मी ते तपकिरी करून घेतलं. हिरव्याचे पोपडे निघत होते आणि रंगाऱ्याकडे तपकिरी उरला होता. नऊ वर्षं झाली. या गल्लीत कोणी मला हिरव्या फाटकाची म्हणत नाही. नर्सिंगच्या मुली म्हणत नाहीत, औषधवाला म्हणत नाही. शिवणवालीने तर रोज ते फाटक उघडलं. हिरवं फाटक म्हटल्यावर माझं घर कोणाच्या डोळ्यासमोर येईल? जो इथे दहा वर्षांत फिरकलेला नाही, त्याच्याच. तू शेवटची आलीस ती सासूबाई गेल्या तेव्हा; हे गेले तेव्हा भाऊजी एकटेच आले होते.

लिहिलं कोणी ते मला आता विचारायचं नाही. जोडलं कोणी? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं का माझं? हो किंवा नाही, एवढंच लिही.

---

१४ जुलै

जाऊबाई,

हो.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं होतं. कोणता मजकूर कोणी जोडला याची नोंद असते, त्यात माझंच खातं होतं. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. मी भ्याले. आणि खरं सांगायचं तर, मला वाटलं की त्यात चूक काही नाही.

आमच्याकडे नियम आहे. खूण जुजबी असली की जोडायचं नाही, बाजूला ठेवायचं आणि त्या भागातल्या कोणाला तरी विचारून खात्री करायची. मी हजारो मजकूर असे बाजूला ठेवले आहेत. हा ठेवला नाही. 'पंपघरासमोर, हिरवं फाटक' वाचलं, पुढे 'पत्रं उघडून बघते' वाचलं, आणि माझा हात आपोआप तुमच्या दारावर गेला. विचारायचं कोणाला? ते फाटक मी रोज पुसून काढलं होतं.

काल मी वरून घेतलेले नवे फोटो बघितले. पंपघराच्या मागच्या अंगाला एक दुमजली घर झालं आहे. त्यालाही पंपघर समोरच पडतं, आणि त्याचं फाटक हिरवं आहे. मजकूर त्या घराचा होता, दोन्ही ओळी त्यांच्याच; पाण्याची ओळ त्याच मजकुरात मागाहून आली, तुमच्या सापळ्याशी जुळली तो नुसता योगायोग. मी तो तिकडे हलवला. तुमच्या घरावर आता काही नाही. माझी चूक झाली असं मी वरिष्ठांना लेखी दिलं आहे, त्यांनी मला महिनाभर दुसऱ्या कामावर बसवलं आहे. ते ठीकच झालं. शिवणवालीचा पत्ता मिळाला तर मला द्या, मी तिला स्वतः लिहीन. तिच्याबद्दल वाचलं तेव्हापासून मला जेवण जात नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

पण जाऊबाई, माझा हात तिथे का गेला, तेही आता लिहून टाकते. एवढं झाल्यावर झाकून काय ठेवायचं?

तुमच्या घरी होते तेव्हा मला आलेलं प्रत्येक पत्र उघडलेलं असायचं. पुन्हा चिकटवलेलं. कडेला खळीचे सुरकुतलेले डाग, आणि तुमच्या बोटांना तीच खळ. मी जे लिहायचे तेही तुमच्याच हातात द्यावं लागायचं, पेटीत टाकायला. तुम्हाला विचारायची माझी हिंमत नव्हती. मी वीस-एकवीस वर्षांची, माझं शेवटच्या वर्षाचं शिक्षण अर्धं टाकून आलेली. हे नोकरीसाठी आठवडाभर बाहेर. मी कोणाशी बोलणार? एकदाच मी बाबांना सगळं खरं लिहिलं. इथे माझा श्वास कोंडतो, मला घेऊन जा, असं लिहिलं. त्याचं उत्तर आलंच नाही. पुढे भेटले तेव्हाही बाबांनी विषय काढला नाही, आणि मीही नाही. मला वाटलं, लेक दिली की संपलं, असं त्यांचं असेल. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आजही मला त्यांची आठवण येते ती त्या न आलेल्या उत्तरासकट येते.

तुमच्यावर खोटा आळ आला, तो माझ्यामुळे आला. पण मनात तो बावीस वर्षांपासून होता. तो खोटा असेल तर तसं लिहा. मी मान्य करीन.

धाकटी

---

२ ऑगस्ट

धाकटे,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

आधी इकडची हकिकत. मी ते हिरवं फाटक बघून आले. पंपघराला वळसा घालून गेले, पाच मिनिटांची वाट, आणि मी कधी गेले नव्हते. एक बाई ओट्यावर बसली होती, मांडीवर कोणाचं तरी खोकं, हातात कात्री. मला बघून म्हणाली, "पोरींच्या चपला आहेत, मापाच्या आहेत का बघत होते." मी आल्या वाटेने परत फिरले. बोलायला मी कोण?

शिवणवाली लाँड्रीच्या वर राहायला गेली आहे. मी गेले, तिच्यापुढे हात जोडले, म्हटलं, माझं डोकं फिरलं होतं. ती म्हणाली, "बसा." चहा दिला. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. निघताना माझ्या ब्लाउजचा उसवलेला खांदा तिने उभ्या उभ्या शिवून दिला. मी जिन्यावर रडले.

परवा दोन मुली खोली बघायला आल्या. फाटकाशी थांबल्या, फोन बघितला आणि आत आल्या. एक तारखेला सामान आणलंसुद्धा. मी मुलाला कळवलं, की मी येत नाही. घर राहिलं माझं. मी तुला शिव्या देऊन मोकळी व्हायला हरकत नव्हती.

पण त्या दोघींनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, आमची पार्सलं तुम्ही घ्याल ना?" मी हो म्हटलं आणि आत येऊन बसले, ती बराच वेळ उठले नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या ओळीने मी एवढी का पेटले, शिवणवालीला बाहेर काढण्याइतकी, ते माझं मला माहीत आहे. तू खोटा आळ म्हणतेस. आळ खोटा नाही.

तुझी पत्रं मीच उघडायची. सासूबाईंचे डोळे गेले होते, पण धाकटी माहेरी काय लिहिते आणि माहेरून काय येतं हे त्यांना कळायलाच हवं होतं. त्यांचा हुकूम होता. दुपारी तू कपडे घेऊन मागे गेलीस, की त्या पलंगावर बसायच्या, मी खाली, आणि वाचून दाखवायची. पण धाकटे, लिहिलेलं मी कधी वाचलं नाही. तू लिहायचीस की इथे जेवताना मला घास उतरत नाही, आणि मी वाचायची की इथलं जेवण चवीचं असतं. तू श्वास कोंडतो असं लिहिलंस, मी इथली हवा मानवते असं वाचलं. सासूबाई खूश व्हायच्या. "पोरगी गुणाची आहे," म्हणायच्या. मग मी पाकीट चिकटवून, तू लिहिलेलं जसंच्या तसं पेटीत टाकून यायची. एकही अडवलं नाही. मला वाटायचं मी तुला वाचवते आहे. आणि वाचवतही होते, एवढं तरी तू मान.

तुझ्या त्या पत्राचं उत्तर आलं होतं.

आठव्या दिवशीच आलं. तुझ्या बाबांनी लिहिलं होतं, की तू म्हणशील त्या दिवशी मी येतो, परीक्षेचा फॉर्म आणून ठेवलाय. आणि पंधरा दिवसांत तुझं उत्तर नाही आलं तर तुझं मन रमलं असं धरून चालेन, पुन्हा हा विषय काढून तुला अवघड करणार नाही. आणखीही आहे. ते मी इथे लिहीत नाही, ते तुझं आहे.

सासूबाईंना मी वाचून दाखवलं, की व्याही सगळ्यांना नमस्कार सांगतात. आणि तुला ते दिलं नाही.

सासूबाईंनी सांगितलं म्हणून नाही. त्यांना तर ठाऊकच नव्हतं. मीच ठरवलं. तू येण्याआधी सात वर्षं मी त्या घरात एकटी होते. माझ्याशी कोणी 'पाणी दे'च्या पुढे बोललेलं नव्हतं. तू आलीस आणि स्वयंपाकघरात दुसऱ्या बांगड्यांचा आवाज आला. तू गेली असतीस तर मी मेले असते, असं मला तेव्हा वाटलं. कोणी मरत नाही गं, पण वाटलं. पंधरा दिवस मी ते पत्र पदराखाली घेऊन हिंडले. रोज म्हणायची, उद्या देते. सोळाव्या दिवशी द्यायला काही उरलं नाही.

ते पत्र आहे. जाळलं नाही. म्हणशील तर रजिस्टर करून पाठवते. नाहीतर तू सांगशील तसं.

माफ कर असं मी म्हणत नाही.

थोरली

---

७ ऑगस्ट

जाऊबाई,

पत्र मिळालं. ऑफिसात उघडलं, जिन्यात जाऊन वाचलं, आणि तशीच घरी आले. यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, बाबांचं पत्र आलंय. यांना वाटलं माझं डोकं फिरलं.

मला तुमचा राग आला आहे. फार आला आहे, आणि तो कुठे ठेवायचा हे मला कळत नाही. बाबांवर मी बावीस वर्षं राग धरला. ते आजारी होते तेव्हा सुट्टी असूनही मी दोन दिवस कमी राहिले. ते दोन दिवस मला कोण परत देणार आहे? तुम्ही एकट्या होतात, हे मला पटतं. पटलं तरी राग जात नाही.

पत्र पोस्टाने पाठवू नका. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते. मला घ्यायला कोणी येऊ नका. जेवायला थांबेन की नाही, आत्ता सांगता येत नाही.

ते पत्र मी हातात घेणार नाही. सासूबाईंच्या पलंगावर मी बसेन, तुम्ही खाली बसा, आणि मला मोठ्याने वाचून दाखवा. या वेळी लिहिलंय तेच वाचा.

धाकटी